प्रयोगशाळेतून द्राक्षमळ्यात: पेशा बदलून वाइनवाले झालेल्यांचा इतिहास

पीएच.डी.च्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात प्रत्येकाला एक शेत दिसायला लागतं. कुणाला कोकणात आंब्याची बाग, कुणाला भोरजवळ एक एकर आणि दोन गाई, कुणाला नुसतंच 'जिथे रिव्ह्यूअर नंबर दोन पोचणार नाही' असं एखादं ठिकाण. आमच्या लॅबमध्ये यीस्टवर काम चालतं, त्यामुळे आमच्या स्वप्नाला वाइनचा वास आहे. इन्क्युबेटरपाशी उभं राहून आम्ही तिघं-चौघं अधूनमधून ठरवतो की सगळं सोडून फ्रान्सला जायचं, एखादा पडीक द्राक्षमळा घ्यायचा आणि नैसर्गिक वाइन करायची. मग टायमर वाजतो आणि आम्ही सेंट्रिफ्यूजकडे वळतो.

असं खरोखर करणारी माणसं आहेत. त्यांचा इतिहास मी आधी गंमत म्हणून वाचायला घेतला आणि मग लक्षात आलं की संशोधनाची तयारी करणाऱ्यांना दाखवायला ही फार चांगली केस आहे. कारण यात एक लोकप्रिय गोष्ट आहे, ती सगळे सांगतात, आणि मुळाशी गेलं की ती बरीचशी उलटी निघते. गोष्ट अशी: चांगल्या नोकरीतला माणूस कंटाळतो, विज्ञान आणि यंत्रं मागे टाकतो, परक्या देशातल्या खेड्यात जाऊन राहतो, आणि कशातही ढवळाढवळ न करता द्राक्षांची 'आपोआप' वाइन होऊ देतो. दुकानात बाटलीसोबत हीच गोष्ट विकली जाते.

आधी नैसर्गिक वाइन म्हणजे काय ते बघू. आपण दही लावताना विरजण घालतो, म्हणजे कुठले जंतू काम करणार ते आपण ठरवतो. इडलीच्या पिठात मात्र कुणी काही घालत नाही. डाळ-तांदळावर असलेलेच जंतू रात्रभर काम करतात आणि सकाळी पीठ फुगलेलं असतं. आजची बहुतेक वाइन विरजणाच्या पद्धतीची आहे: पाकिटातलं निवडक यीस्ट, त्याला खाद्य म्हणून नायट्रोजन, गरजेप्रमाणे आम्ल, एन्झाइम, शेवटी गाळण, आणि जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर सल्फर डायऑक्साइड. नैसर्गिक वाइन म्हणजे इडलीच्या पिठाची पद्धत. द्राक्षं रसायनांशिवाय वाढवलेली, आंबवण सालीवरच्या आणि तळघरातल्या यीस्टवर सोपवलेलं, आणि वरून काही घालायचं नाही. घातलंच तर बाटली भरताना थोडासा सल्फर. फ्रान्समध्ये २०२० साली 'व्हॅं मेथोद नातूर' नावाची सनद मान्य झाली, तिच्यात ही मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे. युरोपातल्या साध्या रेड वाइनला १५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा असते, म्हणजे फरक किती आहे ते दिसेल.

या सल्फरचं रसायनशास्त्र समजल्याशिवाय पुढचा इतिहास समजणार नाही, म्हणून दोन मिनिटं इथे थांबते. सल्फर डायऑक्साइड पाण्यात गेला की तो कुठल्या रूपात राहणार हे पीएचवर ठरतं. जंतूंना मारणारं रूप म्हणजे विद्युतभार नसलेला मूळ रेणू, कारण तोच पेशीच्या पडद्यातून आत शिरतो. त्याचा पीकेए साधारण १.८१. हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरण तुम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं असेल तर आता वापरा. पीएच ३.२ असेल तर मुक्त सल्फरपैकी सुमारे ४ टक्के या कामाच्या रूपात असतो, पीएच ३.८ असेल तर जेमतेम १ टक्का. म्हणजे तेवढंच संरक्षण हवं तर चौपट सल्फर लागतो. थंड प्रदेशातली द्राक्षं आंबट असतात, त्यांच्या रसाचा पीएच कमी. तिथे सल्फर थोडा चालतो, आणि आम्ल स्वतःही बरेच जंतू दूर ठेवतं. उष्ण प्रदेशात आम्ल पिकताना निघून जातं, पीएच वर चढतो, आणि सल्फर न घालता वाइन टिकवणं अवघड होत जातं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे जमिनीच्या भावाशी त्याचा संबंध येणार आहे.

आता गोष्टीचं मूळ. नैसर्गिक वाइनवाल्यांना त्यांचा आद्यपुरुष कोण असं विचारलं तर बहुतेक जण एकच नाव घेतात: ज्यूल शोव्हे. हा माणूस रसायनशास्त्राचा अभ्यासक. १९०७ साली बोजोले भागात, ला शापेल-द-गँशे या गावी जन्म, घरचा वाइनचा व्यापार. म्हणजे त्याने पेशा बदलला नव्हता, घरचाच चालवला. पण तो चालवताना त्याने तळघराला प्रयोगशाळा जोडली. पेशीच्या श्वसनावरच्या कामासाठी १९३१ चं नोबेल मिळालेले बर्लिनचे ऑटो वारबुर्ग यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता. कॅन्सर बायॉलॉजीत आपण ज्यांच्या नावाचा 'वारबुर्ग इफेक्ट' शिकतो तेच हे वारबुर्ग. बोजोलेच्या एका खेड्यातला वाइनचा व्यापारी त्यांना यीस्टबद्दल लिहितो आहे, हे चित्र मला फार आवडतं.

शोव्हेला तत्त्वज्ञान सांगायचं नव्हतं, त्याला वास हवा होता. तो अतिशय नावाजलेला चव घेणारा होता. आज जगभर वाइन तपासायला जो ट्यूलिपच्या फुलासारखा प्रमाणित ग्लास वापरतात, त्याच्या घडणीत त्याच्या कामाचा वाटा मानला जातो. त्याचा प्रश्न साधा होता: द्राक्षात असलेला सुगंध वाइनमध्ये येईपर्यंत कुठे हरवतो? उत्तर शोधता शोधता तो सल्फरपाशी पोचला. सुरुवातीलाच सल्फर घातला तर द्राक्षावरच्या निरनिराळ्या यीस्टपैकी बरीचशी दबतात, आणि पुढे मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणूही अडखळतात. मग सल्फरशिवाय करायचं तर काय काय सांभाळावं लागेल? इथे त्याने केलेली यादी 'काही करायचं नाही' याच्या बरोबर उलट आहे. कुजका मणी एकही नको, म्हणजे तोडणी हाताने आणि निवड कडक. घड अख्खे, न फुटलेले, थंड करून टाकीत. वर कार्बन डायऑक्साइडचा थर, म्हणजे ऑक्सिजनवर जगणारे व्हिनेगरचे जिवाणू गप्प. आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली थेंब बघून यीस्ट किती आणि जिवाणू किती याची मोजदाद.

कार्बन डायऑक्साइडची ही युक्तीसुद्धा गावठी शहाणपणातून आलेली नाही. १९३४ साली नार्बोनमध्ये मिशेल फ्लांझी आणि सहकारी खाण्याची द्राक्षं या वायूत ठेवली तर जास्त दिवस टिकतात का ते बघत होते. द्राक्षं टिकली नाहीत. मण्यांच्या आतच, यीस्ट नसताना, मण्याच्या स्वतःच्या एन्झाइमनी थोडं आंबवण सुरू झालं. त्यातून तयार झालेली चव वेगळी आणि आवडण्यासारखी होती. फसलेला साठवणुकीचा प्रयोग पुढे वाइनची एक पद्धत झाला. रिझल्ट 'निगेटिव्ह' आला म्हणून वही बंद करणाऱ्यांनी (मी धरून) हे वाचावं.

शोव्हेने लोकांसाठी फारसं लिहिलं नाही. त्याचं काम पसरलं ते माणसांमार्फत. झाक नेओपोर हा त्याचा शिष्य हे ज्ञान गावोगावच्या तळघरांत घेऊन फिरला. व्हिलिए-मोर्गों गावच्या मार्सेल लापिएरने १९७३ साली घरचा मळा हातात घेतला होता. १९८० च्या सुमारास तो शोव्हेला भेटला आणि पद्धत बदलली. त्याच्याबरोबर झां फॉयार, झां-पॉल तेव्हने आणि गी ब्रेतों. या चौघांना केर्मिट लिंच या अमेरिकन आयातदाराने 'गँग ऑफ फोर' हे नाव दिलं आणि तेच चिकटलं. आता यात एक प्रश्न विचारायला हवा. चौघांनी जे शिकून घेतलं त्याचं नाव विज्ञान आहे, मग 'विज्ञानाला नकार' ही गोष्ट कुठून आली? माझं मत असं की ती विक्रीच्या टोकाकडून आली. पॅरिसच्या बारमध्ये पेशीगणनेची गोष्ट कोण ऐकणार? आजोबांची पद्धत म्हटलं की ग्लास भरला जातो. आणि आजोबांचं म्हणाल तर एकोणिसाव्या शतकातले कित्येक आजोबा पिंपात गंधकाची वात जाळतच होते. खराब वाइनचा तेव्हाही इतका उपद्रव होता की तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून लुई पाश्चरने त्यावर काम केलं आणि १८६६ मध्ये पुस्तक काढलं. दुधाचं पाश्चरायझेशन आपण शिकतो, पण पाश्चरने ते आधी वाइनवर केलं होतं.

पेशा बदलणारे यायला लागले ते या पायावर. निकोला जोली न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये जे. पी. मॉर्गन बँकेत होता. १९७७ मध्ये लुआर नदीकाठच्या घरच्या मळ्यावर परतला आणि काही वर्षांत त्याने रुडॉल्फ श्टायनरच्या बायोडायनॅमिक शेतीचा रस्ता धरला. गाईच्या शिंगात शेण भरून पुरायचं आणि ग्रहगोल बघून फवारायचं, याचं मला विज्ञान म्हणून काहीही करता येत नाही. पण त्याच मळ्यात तणनाशकं थांबली आणि जमीन हाताने बघितली जाऊ लागली, हे दोन्ही एकदम घडलं. कुठल्या कारणाने कुठला परिणाम झाला हे वेगळं कसं काढणार? कन्फाउंडिंगचं यापेक्षा चांगलं उदाहरण वर्गात शिकवायला मिळणार नाही. एरिक तेक्सिए अणुऊर्जेच्या क्षेत्रातला इंजिनिअर होता. १९९० च्या दशकात ते सोडून ऱ्होन खोऱ्यात आला आणि ब्रेझेम नावाचा जवळजवळ विसरला गेलेला भाग त्याने पुन्हा नकाशावर आणला. झां-पिएर रोबिनो पॅरिसमध्ये वाइनचा बार चालवायचा, एका वाइन मासिकाचा सहसंस्थापक होता. पन्नाशीच्या आसपास गावाकडे जाऊन स्वतः वाइन करायला लागला. ही सगळी आपल्याच देशातली माणसं. परक्या देशात जाऊन हे करणं ही वेगळी परीक्षा आहे.

त्यातलं माझं आवडतं उदाहरण हिरोताके ओओका. टोकियोचा मुलगा, मेइजी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्सला गेला, बोर्दोला वाइनचं रीतसर शिक्षण घेतलं, मग उत्तर ऱ्होनमध्ये गिगाल या मोठ्या घराण्याच्या मळ्यात नोकरी. म्हणजे लगेच उडी मारली नाही. आधी भाषा, मग पदवी, मग दुसऱ्याच्या मळ्यात घाम. त्यानंतर तो कॉर्नासला तिएरी आलमांकडे काम करू लागला. आलमांचीही गोष्ट बघा: वाइनच्या घराण्यातला नाही, १९८० च्या दशकात कॉर्नासच्या उभ्या चढावरच्या ओस पडलेल्या पायऱ्यांच्या शेतीचे तुकडे घेऊन, झाडोरा तोडून, तिथे त्याने पुन्हा सिरा द्राक्ष उभं केलं. अशा बाहेरून आलेल्या माणसाने दुसऱ्या बाहेरून आलेल्या माणसाला जागा दिली. ओओकाने नंतर स्वतःच्या वाइनला नाव दिलं 'ला ग्रांद कोलीन', म्हणजे मोठी टेकडी. जपानीत त्याच्या आडनावाचा अर्थही तोच.

ओओकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघायला हवी. सल्फर न घालता केलेल्या वाइनला सुरुवातीपासून गिऱ्हाईक देणारा एक मोठा देश जपान होता. फ्रान्समधल्या कित्येक छोट्या उत्पादकांच्या बाटल्या गावातल्या दुकानाआधी टोकियोत पोचायच्या. तेव्हा तरुण जपानी माणूस कॉर्नासला पोचतो हा योगायोग नाही. माल ज्या रस्त्याने गेला त्याच रस्त्याने माणूस उलटा आला. स्थलांतराचा इतिहास लिहिणाऱ्यांना हे नेहमीचं आहे; आपल्याला, विज्ञानवाल्यांना, माणसाच्या निर्णयाकडे 'त्याला आतून वाटलं' असं बघायची सवय असते.

दुसरं उदाहरण जॉर्जियाचं, कॉकेशसमधल्या. जॉन वर्डमन हा अमेरिकन चित्रकार, मॉस्कोच्या सुरिकोव्ह संस्थेत शिकलेला. शाळकरी वयात जॉर्जियाच्या बहुस्वरी गायनाची सीडी ऐकून त्या देशाच्या प्रेमात पडला आणि १९९० च्या दशकात काखेती प्रांतातल्या सिग्नागी गावी जाऊन राहिला, तिथेच लग्न केलं. तो सांगतो ती गोष्ट अशी: एकदा द्राक्षमळ्यात चित्र काढत असताना गेला पाटालिश्विली नावाचा शेतकरी ट्रॅक्टरवरून आला आणि वाइनबद्दल बोलायचंय म्हणाला. गेलाच्या घरात आठ पिढ्या द्राक्षं. दोघांनी मिळून २००७ साली 'फेझंट्स टिअर्स' सुरू केली.

गोष्ट गोड आहे आणि खरीही असेल. पण तारीख बघा. मार्च २००६ मध्ये रशियाने जॉर्जियाच्या वाइनवर बंदी घातली होती. तोवर जॉर्जियाची बहुतांश निर्यात रशियालाच जायची: सोव्हिएत काळात रुजलेली कारखान्यांची, भरपूर आणि स्वस्त वाइन. ती बाजारपेठ एका झटक्यात गेली, २०१३ पर्यंत परत आली नाही. आठ पिढ्यांचं ज्ञान असलेल्या शेतकऱ्याला त्या वेळी काय हवं असेल? इंग्रजी बोलणारा, अमेरिका-युरोपात ओळखी असलेला, गोष्ट सांगता येणारा माणूस. आणि चित्रकाराला काय हवं होतं? जमिनीशी नातं. ट्रॅक्टरची भेट योगायोगाने झाली असेल, पण ती टिकली त्याला कारणं होती. मी यात कुणाला मतलबी म्हणत नाहीये. दोघांनी मिळून एक पद्धत वाचवायला हातभार लावला हे खरंच आहे.

ती पद्धत म्हणजे क्वेव्री. अंड्याच्या आकाराचा मोठा मातीचा रांजण, आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. काखेतीत पांढरी द्राक्षंसुद्धा साल, बिया आणि कधीकधी देठासकट त्यात टाकतात आणि पाच-सहा महिने तशीच ठेवतात. जमीन तापमान सांभाळते, साल-बियांतले टॅनिन ऑक्सिजनपासून थोडंफार रक्षण करतात. सल्फरशिवाय चालण्यामागे इथेही रसायनशास्त्रच आहे, फक्त ते पुस्तकात नसून रांजणात आहे. युनेस्कोने २०१३ मध्ये ही पद्धत अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. २०१७ मध्ये गादाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा इथल्या खापरांवर टार्टरिक आम्लाचे अंश सापडल्याचा पेपर आला. काळ इसवी सनपूर्व ६००० ते ५८०० च्या आसपासचा. रसायनशास्त्र आणि इतिहास यांची दारं वेगळी आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी तो पेपर जरूर वाचावा. मडक्याच्या आत शोषला गेलेला एक रेणू इथे कागदपत्राचं काम करतो.

आता मी मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य. १९९० नंतर फ्रान्समध्ये नैसर्गिक वाइन करायला आलेले नवखे, देशी आणि परदेशी, कुठे गेले? मोठ्या संख्येने लांगदोक, रूसियों, आर्देश, लुआर आणि ओव्हेर्नमध्ये. कारण सरळ आहे. शांपेनमध्ये मळ्याचा भाव हेक्टरला दहा लाख युरोच्या पुढे जातो. लांगदोकमध्ये तो दहा-पंधरा हजारांच्या आसपास सापडतो. त्यात लांगदोकला अतिउत्पादनाचा जुना आजार. युरोपीय संघाने २००८ च्या सुधारणेत १,७५,००० हेक्टरपर्यंत वेली उपटायला पैसे देऊ केले होते. शेजारी म्हातारा शेतकरी अनुदान घेऊन वेली उपटतोय आणि शहरातून आलेला कुणी त्याच वेली, 'ऐंशी वर्षांच्या जुन्या' म्हणून, हौसेने विकत घेतोय: एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन इतिहास.

पण स्वस्त जमीन बरीचशी उष्ण जमीन आहे. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आणि अनुभव सगळ्यात कमी, तो सगळ्यात जास्त पीएचच्या रसाने, सल्फरशिवाय, पहिला हंगाम करायला बसतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही सगळ्यात वाईट जोडी. जे टिकले त्यांनी वाट काढली: उंचावरचे तुकडे घेतले, आणि द्राक्षं लवकर, आम्ल शिल्लक असताना तोडली. दक्षिण आफ्रिकेत वाढलेला टॉम लब रूसियोंच्या काल्स गावात 'मातासा' चालवतो. त्या उष्ण मुलखात त्याच्या वाइनमध्ये अल्कोहोल कमी असतं ते याच लवकर तोडणीमुळे. ओव्हेर्न मात्र थंड आणि स्वस्त दोन्ही आहे. तिथे गारपीट आणि दंव हिशोब पुरा करतात.

न जमलेल्यांचं काय होतं? वाइनला व्हिनेगरचा झोंब येतो, किंवा ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट तबेल्याचा वास देतं. आणि एक दोष तर संशोधकाच्या प्रेमात पडण्यासारखा आहे, त्याला उंदराचा वास म्हणतात. काही जिवाणू आणि ब्रेटानोमायसिस यांनी तयार केलेले टेट्राहायड्रोपिरिडिन गटातले रेणू त्याला कारण असतात. वाइनच्या आम्लात ते उडत नाहीत, त्यामुळे ग्लास हुंगून काहीच कळत नाही. घोट घेतला, लाळेने तोंडातला पीएच वर गेला, की काही सेकंदांनी मागून चव येते. काही माणसांना ती अजिबात जाणवत नाही. कल्पना करा, बनवणाऱ्यालाच जाणवत नसेल तर? बाटल्या भरून, विकून मोकळा.

या लोकांच्या मुलाखती कुणी घेत नाही. आपण वाचतो त्या सगळ्या उरलेल्यांच्या गोष्टी. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणांचं उदाहरण स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या वर्गात सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि तरी करिअर बदलण्याच्या गोष्टी वाचताना आपण ते नेमके विसरतो. मला या विषयावर प्रपोजल लिहायचं असतं तर मी मुलाखतींपासून सुरुवात केली नसती. फ्रान्समध्ये शेतजमिनीच्या व्यवहारांवर 'साफेर' या संस्थांची नजर असते, त्यांना आधी खरेदीचा हक्कही आहे. बोनसारख्या ठिकाणी प्रौढांसाठी शेतीचं शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्था आहेत, पेशा बदलणारे तिथून जातात. नव्या शेतकऱ्याला सरकारी मदत हवी तर शेतीचा डिप्लोमा लागतो आणि वय चाळिशीच्या आत लागतं. म्हणजे नोंदी आहेत. किती जण शिकले, किती जणांनी जमीन घेतली, दहा वर्षांनी किती उरले: छेद हाती लागल्याशिवाय अंशाबद्दल बोलू नये.

कायद्याचं एक कलम तर आमच्या इन्क्युबेटरजवळच्या मंडळींनी चवीने वाचलं. २०१६ पासून युरोपबाहेरच्या माणसाला फ्रान्समध्ये व्यवसाय सुरू करायला जो 'पासपोर तालां' मिळायचा, त्याला मास्टर्स दर्जाची पदवी किंवा पाच वर्षांचा अनुभव, आणि किमान ३०,००० युरोची गुंतवणूक लागायची. पदवीवर सगळ्यांनी मान डोलावली. गुंतवणुकीचा आकडा रुपयांत करून फेलोशिपने भागला आणि कुणी काही बोललं नाही.

लेबलाच्या कायद्याचंही थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय ही लाट एवढी वाढली नसती. वाइनला गावाचं नाव लावायचं तर समितीकडून चव मंजूर व्हावी लागते. गढूळ, वेगळ्या वासाची वाइन 'या गावासारखी लागत नाही' म्हणून नापास व्हायची, आणि मग ती साधी 'टेबल वाइन' म्हणून विकावी लागायची. लेबलवर ना साल लिहिता यायचं ना द्राक्षाची जात. २००९ च्या हंगामापासून 'व्हॅं द फ्रांस' हा नवा वर्ग आला आणि त्यात दोन्ही लिहायची मुभा मिळाली. ज्याच्या आजोबांचं गावात तळघर नाही त्याला गावाच्या नावाचं फारसं अप्रूप नव्हतंच. बाहेरून आलेल्यांना ही सोय देशी लोकांपेक्षा जास्त मानवली असावी असा माझा अंदाज आहे.

आपल्याकडे हे वाचताना नाशिक आठवणं साहजिक आहे. स्टॅनफर्डला इंजिनिअर झालेले, ओरॅकलमध्ये नोकरी केलेले राजीव सामंत तिथूनच घरच्या जमिनीवर परतले आणि सुला उभी राहिली. पण ती वाट परत यायची होती आणि वाइन विरजणाच्या पद्धतीची, म्हणून तिला या लेखात ओढत नाही. खरा धागा वेगळाच आहे आणि तो प्रत्येक द्राक्षबागायतदाराच्या हातात असतो. मोरचूद आणि चुना कालवून केव्ड्यावर मारायचं बोर्डो मिश्रण १८८५ च्या सुमारास बोर्दोच्या मिलार्दे यांनी पुढे आणलं, आणि रसायनं न वापरणारा युरोपातला सेंद्रिय मळेवालाही आज केव्ड्यासाठी तेच मारतो. तांबं जमिनीत साठत राहतं, म्हणून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे. 'काही न घालता' यातलं 'काही' कुठून मोजायचं, मळ्यातून की तळघरातून, हा वाद अजून चालू आहे.

ओओका शेवटी फ्रान्समध्ये राहिला नाही. २०१० च्या दशकात तो कुटुंबासह जपानला, ओकायामाला गेला. ओकायामा काचघरातल्या मस्कत द्राक्षांसाठी प्रसिद्ध, म्हणजे खाण्याच्या, देखण्या, महाग द्राक्षांसाठी. जून-जुलैत तिथे पाऊस, दमट हवा, केवडा आणि भुरीला हवं तसं हवामान. कॉर्नासच्या कोरड्या ग्रॅनाइटवर शिकलेलं निम्मं तिथे लागू पडत नाही. जपानी बागायतदार पावसापासून वाचवायला घडांवर मेणकागदाच्या छोट्या टोप्या घालतात. निर्यातीच्या घडांना ऊन लागू नये म्हणून आपल्याकडे कागद लावतात, तसंच. इतक्या वर्षांनी, रसायनशास्त्राची पदवी, बोर्दोचं शिक्षण आणि कॉर्नासचा हात घेऊन तो पुन्हा तिथूनच सुरू करायला बसला: कुठली जात या पावसात, फवारणीशिवाय, कुजणार नाही? त्याने लावलेल्या जातींत शोकोशी नावाची एक जपानी जात आहे. मणी बारीक, साल जाड, आणि आम्ल भरपूर.